उलार झालेलं विमान

पालकहो,

आठवी-नववीतलं पोरगं एक दिवस घरी येऊन म्हणतं, "मला रिमोटवर उडणारं विमान बनवायचंय." आपल्या वडीगोद्री-शहागड पट्ट्यात त्यावर साधारण ठरलेली उत्तरं मिळतात. ज्यांचं मोसंबीचं नाहीतर उसाचं बिल नुकतंच हातात पडलंय ते म्हणतात, "किती लागतील? घेऊन टाकू." बाकीचे म्हणतात, "अगोदर गणिताचे मार्क दाखव." आणि काही घरांत बाप नुसता हात झटकतो, "आम्हाला काय कळतंय बाबा त्यातलं!"

आज मला बोलायचंय ते या शेवटच्या उत्तराबद्दल. या पट्ट्यातल्या शाळांत पोरांना विज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. विमानाचा नाद लागलेली पोरं पाहिली, त्यांचे आईबापही पाहिले. माझं मत असं बनलंय की यातलं बरंचसं तुम्हाला कळतं. पोराला जे गुगलवर सापडत नाही, नेमकं तेच तुमच्याकडे असतं. तुम्ही ते सांगत नाही, एवढंच.

आधी विकत घेण्याचं बघू. बाजारात हजार-दोन हजारांत मिळतो तो चार पंख्यांचा ड्रोन. तो छान उडतो, पण उडवतं कोण? आतली बारकी चिप दर सेकंदाला शेकडो वेळा चारही मोटरींचा वेग कमी-जास्त करून त्याला सरळ ठेवत असते. पोरगं नुसतं बोट दाबतं. आठ दिवसांत एक पंखा मोडतो, महिन्याभरात तो ड्रोन कपाटावर जातो आणि पोराला काही नवं कळलेलं नसतं. पंखांचं विमान वेगळं. त्याला हवेत धरतो तो त्याचा आकार. पंख वाकडा चिकटवला तर ते वाकडंच जाणार, जड झालं तर पडणार. चूक झाकायला आत चिप नाही. म्हणून शिकायचं असेल तर विमान, आणि तेही हाताने केलेलं.

लागतं काय? थर्माकोलसारखा हलका फोम, बांबूच्या काड्या, चिकटपट्टी, कटर आणि स्टीलची पट्टी. एवढं तर अंबडला किंवा शहागडलाही मिळतं. फ्लेक्सच्या दुकानात मिळतो तो सनबोर्ड पोरं हौसेने आणतात, पण तो जड पडतो. एक ब्रशलेस मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी, शेपटीच्या झडपा हलवायला नऊ-नऊ ग्रॅमच्या सर्वो मोटरी, लिपो बॅटरी, तिचा चार्जर आणि ट्रान्समीटर-रिसिव्हरची जोडी हे संभाजीनगरहून किंवा ऑनलाइन मागवावं लागतं. सगळं धरून साधारण आठ-दहा हजारांचं काम आहे. त्यातला निम्मा पैसा ट्रान्समीटरमध्ये जातो आणि तो वर्षानुवर्षं चालतो, विमान कितीही वेळा पडो. पण हा खर्च पहिल्या महिन्यात करू नका. आधी फोमचं हाताने फेकायचं साधं ग्लायडर करू द्या. ते दहा-पंधरा पावलं नीट तरंगत जाईपर्यंत मोटरीचं नाव काढायचं नाही, अशी अट घाला. ही अट घातल्यावर निम्मी पोरं गळतात. तुमचे दहा हजार वाचतात आणि पोराचंही काही बिघडत नाही. नाद सगळ्यांनाच असतो असं नाही.

एक बारकी गोष्ट पोराला आधीच सांगून ठेवा: थर्माकोलला फेविक्विक लावायचं नाही. थेंब पडला की थर्माकोल विरघळतं, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. पांढरं फेविकॉल चालतं, पण वाळायला रात्र घेतं. ती रात्र थांबणं हेच पोरांना सगळ्यात जड जातं.

आता तुम्हाला काय कळतं ते सांगतो.

आमच्या इथल्या एका मुलीने सव्वा मीटर पंखांचं विमान केलं. मोटर बसवली, बॅटरी मागे ढकलली, कारण पुढे जागा उरली नव्हती. अंगणात ती विमान दोन्ही बोटांच्या टोकांवर, पंखाखाली धरून बघत होती आणि शेपूट सारखं खाली जात होतं. ओट्यावर आजोबा बसले होते. तिने विचारलंही नव्हतं. ते म्हणाले, "उलार झालंय गं ते. पुढं घे माल." तिला 'उलार' माहीत नव्हतं. मग म्हाताऱ्याने सांगितलं की बैलगाडीत पोती मागे जास्त झाली की जू वर उचलतं, बैलांच्या मानेवर भार राहत नाही, चढाला गाडी मागे कलंडते. धुरेवर थोडा भार हवाच. पण फार झाला तर बैलांची मान मोडते.

पुस्तकात याला गुरुत्वमध्य म्हणतात. बहुतेक शिकाऊ विमानांत तो पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते तीस टक्के अंतरावर हवा. म्हणजे पंख वीस सेंटिमीटर रुंद असेल तर पुढून पाच ते सहा सेंटिमीटरवर. त्यापेक्षा मागे गेला की विमान नाक वर काढतं, वेग हरवतं आणि झटक्यात कोसळतं. पोरीने बॅटरीसाठी नाकात नवा कप्पा कापला, तरी थोडं कमी पडत होतं, म्हणून नाकाच्या टोकाला काळ्या मातीचा ओला गोळा दाबून बसवला. बोटांवर विमान सपाट राहिलं. मग तो गोळा काढून वजन केलं आणि तेवढ्याच वजनाचे नट आत चिकटवले. आजोबांनी आयुष्यात विमान जवळून पाहिलेलं नाही. पण आठवीच्या पोरीचं विमान त्यांनी ओट्यावरून दुरुस्त केलं.

वाऱ्याचंही तसंच. ज्यांनी सूप डोक्यावर धरून ज्वारी उफणलीय त्यांना वारा कुठून येतोय, कधी पडतो, कधी उलटतो हे अंगाने कळतं. पोरगं मोबाइलवर वाऱ्याचा वेग शोधतं. तुम्ही मूठभर माती सोडून त्याला दाखवा. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर सोडायचं, कारण पंखाला लागतो तो हवेच्या सापेक्ष वेग, जमिनीच्या नव्हे. सकाळी सातच्या आत आपल्या रानात हवा शांत असते. नऊनंतर जमीन तापली की झोत वर उठायला लागतात आणि एप्रिल-मेच्या दुपारी तर वावटळी फिरतात. तेव्हा विमान पेटीत बरं.

आई शिवणकाम करत असेल तर झडपांच्या बिजागऱ्या तिच्याकडून करून घ्या. फोमच्या झडपेला चिकटपट्टीची बिजागरी आठ उड्डाणांत सुटते, पातळ कापडाची पट्टी फेविकॉलने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने लावली तर टिकते. हे मी एका आईकडूनच शिकलो.

आणि गणित. मार्कांची काळजी करणाऱ्यांनी हा हिशोब पोराला घालून बघावा. पंख 120 सेंटिमीटर लांब, 20 रुंद. क्षेत्रफळ 2400 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 24 चौरस डेसिमीटर. विमानाचं सगळं मिळून वजन 720 ग्रॅम. भागाकार केला की दर चौरस डेसिमीटरला 30 ग्रॅम येतात. शिकाऊ विमानाला तीस-चाळीसच्या आसपासचा आकडा चालतो. हे विमान ताशी पंचवीसएक किलोमीटरवर हवेत टिकेल, सायकल जोरात मारावी तेवढा वेग. आता वजन दुप्पट होऊ द्या. टिकायला लागणारा वेग दुप्पट होत नाही, दोनच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो, म्हणजे पस्तीसच्या घरात जातो. वर्गमुळाचं काम काय, असं विचारणारं पोरगं त्या दिवसापासून विचारायचं थांबतं.

राइट बंधूंची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण तिची सुरुवात फारशी कुणी सांगत नाही. 1878 साली त्यांचे वडील मिल्टन राइट, जे चर्चमध्ये बिशप होते, प्रवासावरून येताना पोरांसाठी एक खेळणं घेऊन आले. बूच, बांबू आणि कागद, त्यावर रबराची पीळ दिलेली दोरी. सोडलं की ते छताला जाऊन आपटायचं. विल्बर अकरा वर्षांचा, ऑर्विल सात. खेळणं मोडलं. मग पोरांनी तसंच आपल्या हाताने करायला घेतलं आणि मोठं, अजून मोठं करत गेले. जितकं मोठं केलं तितकं ते कमी उडालं. का, ते त्यांना पुढे मोठेपणी उमगलं: लांबी-रुंदी दुप्पट केली तर शक्ती आठपट लागते. त्यांची आई सुसान ही गाड्या करणाऱ्या कारागिराची मुलगी होती. हत्यारं तिच्या हाताला सरावाची, पोरांना खेळणी करून द्यायची, आणि यंत्राची अडचण आली की मुलं वडिलांकडे न जाता तिच्याकडे जायची. बिशपसाहेबांना खिळा ठोकता येत नव्हता असं म्हणतात. असो.

आता पडण्याबद्दल. विमान पडणार. पहिलं तर नक्कीच, आणि बहुधा पहिल्याच अर्ध्या मिनिटात. विमान पोराच्या दिशेने परत यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. ते डावीकडे झुकतंय म्हणून ट्रान्समीटरची काठी उजवीकडे नेली की ते आणखी झुकतं. हे डोक्यात बसायला वेळ लागतो. मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर सिम्युलेटर मिळतात, त्यात आधी पन्नासदा पाडून घेतलेलं बरं. तरीही खरं विमान पडेल तेव्हा तुम्ही बांधावर उभे असाल, आणि तोंडातून पहिला शब्द निघेल, "किती गेले?" तेवढा गिळा. त्याऐवजी "कशानं पडलं?" असं विचारा. पोरगं म्हणेल, वारा आला. वाऱ्यावर ढकलणं सोपं असतं. तुम्ही म्हणा, चल बघू. मग दोघं मिळून तुकडे गोळा करा. सर्वोची तार निसटली होती का? बॅटरी कप्प्यातून सरकून मागे गेली का? पंखाचा रबरबँड सुटला का? बहुतेकदा कारण मातीत सापडतं. जे पोरगं कारण शोधायला शिकलं त्याच्या मोटरपंपाचीही तुम्हाला पुढे काळजी नाही.

इथून पुढचं जरा कडक बोलणार आहे, रागावू नका.

लिपो बॅटरी हे खेळणं नाही. तिच्या एका सेलला पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट असतात, तीन सेलची असेल तर 12.6. त्याच्या वर चार्ज झाली, दाबली गेली, भोक पडलं किंवा फुगली असताना वापरली तर ती पेट घेते, आणि अशी आग पाण्याच्या तांब्याने विझत नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर कितीतरी घरांत भाव वाढायची वाट बघत कापूस खोलीभर रचलेला असतो. त्या खोलीत, त्या खोलीच्या शेजारी, कुठेच लिपो चार्ज करायची नाही. ओट्यावर, फरशीवर, मातीच्या कुंडीत ठेवून, आणि पोरगं समोर बसलेलं असताना. रात्रभर लावून झोपायचं नाही. लिपोसाठी असलेलाच चार्जर, मोबाइलचा नव्हे. पडलेल्या विमानातली बॅटरी घरात आणण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवा. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, मग ती कितीची का असेना.

दुसरा धोका पंख्याचा. दहा इंची पंखा मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि बोट कापतो. घरात बसून मोटर तपासायची असेल तर पंखा काढून ठेवायचा. हा नियम पोराने मोडलेला दिसला तर आठ दिवस ट्रान्समीटर तुमच्या कपाटात ठेवा. मी एवढ्या एकाच बाबतीत शिक्षेच्या बाजूने आहे.

तिसरा धोका जागेचा. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या भागातून जातो. विमान कालव्यात पडलं तर ते गेलं, असं पोराकडून आधीच वदवून घ्या. पाणी सोडलेलं असताना काठावरून हात घालणंही नको. तेच बिनकठड्याच्या विहिरींचं. डोळे आभाळाकडे असलेलं पोरगं मागे सरकत जातं, त्याला पायाखालचं दिसत नाही. म्हणून उडवताना कोणीतरी मोठं माणूस शेजारी हवं, ज्याचे डोळे जमिनीवर असतील. धुळे-सोलापूर महामार्गापासून, डीपी आणि तारांपासून, जनावरांच्या गोठ्यापासून लांब जा. ऊस तोडून नेलेलं रान चांगलं, सोयाबीन काढलेलं त्याहून चांगलं. कपाशीचं रान पऱ्हाट्या उपटल्याशिवाय वापरू नका. त्या खुंटांवर विमान उतरलं की पंख चिरतो.

आणि माणसांचा धोका, जो आपल्या भागात विसरून चालणार नाही. 2024 च्या पावसाळ्यात जालना, बीड, संभाजीनगर भागात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या चर्चेने गावंच्या गावं जागत होती, लोक काठ्या घेऊन गस्त घालत होते. त्याच दिवसांत वडीगोद्री आणि अंतरवाली सराटीची नावं आंदोलनांमुळे राज्यभर गेलेली. अशा ठिकाणी काही उडताना दिसलं की लोक विचारणारच, आणि त्यांचं चूक नाही. म्हणून पहिल्या उड्डाणाआधी सरपंच आणि पोलीस पाटलांना विमान नेऊन दाखवा. शेजारच्या शेतकऱ्याला सांगा. सूर्य मावळल्यावर उडवायचं नाही. विमानावर कॅमेरा लावायचा नाही. कुणाच्या अंगणावरून, सभेवरून, मोर्चावरून न्यायचं नाही. विमानावर गावाचं आणि शाळेचं नाव ठळक लिहिलेलं असू द्या.

कायद्याचंही थोडं. ड्रोन नियम, 2021 मध्ये शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी, डोळ्यांसमोर ठेवून उडवायच्या 25 किलोपर्यंतच्या यंत्रांना मॉडेल म्हणून वेगळं ओळखलंय. पोरांची विमानं बहुतेक 250 ग्रॅम ते 2 किलोच्या गटात बसतात, आणि धंद्यासाठी नसेल तर या गटाला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत उडवता येतं. खरं तर शिकाऊ पोराने शंभर फुटांच्या वर जाऊच नये, विमान कुठे वळतंय ते दिसत नाही. नियम आणि पट्टे बदलत असतात, नोंदणीचंही त्यातच आलं, म्हणून सुरू करण्यापूर्वी तिथे बघून घ्या. पोराबरोबर बसून बघा.

"पुढं याचं काय?" हा प्रश्न मला येतोच. फवारणीचे ड्रोन आता आपल्या उसावर आलेत, बचत गटांच्या महिला ते चालवायला शिकतायत, त्यामुळे पोटापाण्याचं उत्तर देता येईल. पण मी ते पुढे करत नाही. नववीतल्या पोराच्या थर्माकोलवर पगाराचा आकडा लिहिला की त्याचं लक्ष उडतं. तरी नावं हवीत तर दोन देतो. गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावचे विष्णू माधव घाटगे जर्मनीत वायुगतिशास्त्रज्ञ प्रान्टल यांच्याकडे शिकले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घडलेलं एचटी-2 हे शिकाऊ विमान 1951 साली उडालं. भारतीय हवाई दलातल्या कितीतरी वैमानिकांनी त्यावर पहिले धडे घेतले. दुसरे कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीत चारकोपला घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, 2016 च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते मुंबईत लोकांनी पाहिलं, आणि पुढे चाचण्या झाल्या त्या धुळ्याच्या धावपट्टीवर. म्हणजे आपल्याच महामार्गाच्या वरच्या टोकाला. शाळेच्या स्नेहसंमेलनात तळपद्यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडवलं असं पोरं आवेशाने सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही, आणि ज्या ग्रंथाचा आधार त्यात देतात त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 सालीच दाखवून दिलंय. घाटगे आणि यादव असताना त्या गोष्टीची गरज काय, मला कळत नाही.

आजोबांसाठी एक नाव राखून ठेवलंय. अमेरिकेतले मेनार्ड हिल. त्यांनी केलेलं पाच किलोहून हलकं मॉडेल विमान ऑगस्ट 2003 मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंडवरून निघालं आणि 38 तास 52 मिनिटांनी, अटलांटिक महासागर ओलांडून, आयर्लंडला उतरलं. अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर. हिल तेव्हा 77 वर्षांचे होते, आणि नजर इतकी गेलेली की कायद्याने ते अंध ठरत.

तर विमान तयार झालं, बोटांवर सपाट राहिलं, झडपा ट्रान्समीटरप्रमाणे योग्य बाजूला हलतायत हे दोघांनी तपासलं, की पहिल्या दिवशी ते हातातून फेकायचं काम तुमचं. पोराचे दोन्ही हात ट्रान्समीटरवर लागतात. विमान पंखाखाली, गुरुत्वमध्याच्या जवळ धरा. पंखा पुढे आहे, तुमची बोटं मागे हवीत आणि बाही वर चढवलेली. वाऱ्याकडे तोंड करा. पोरगं "सोडा" म्हणेपर्यंत थांबा, मोटर पूर्ण वेगात येऊ द्या. मग दोन-तीन पावलं चालत, सरळ पुढे सोडा. वर फेकू नका, सगळ्यांचा हात आपोआप वर जातो आणि तिथेच विमान वेग हरवतं. सोडल्यावर हात लगेच खाली घ्या, बाजूला व्हा, आणि "डावीकडं, डावीकडं" असं ओरडू नका. तुमची डावी आणि विमानाची डावी वेगळी असू शकते.